मुठेल लावा, पण आधी पाय भिजवा

पत्र: "नर्सबाई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातली, वय 46. काजूच्या कारखान्यात बी फोडायच्या मशीनवर काम करते. दिवसभर उभं राहायचं आणि उजव्या पायाने पायडल दाबायचं. दरवर्षी पौष लागला की माझ्या टाचा फुटतात. यंदा तर डावी टाच अशी फुटलीय की रात्री गोधडीचा दोरा भेगेत अडकतो आणि जीव कळवळतो. मोबाइलवर बघून लिंबू आणि खायचा सोडा चोळला, तर आठवडाभर चपलेत पाय घालवेना. सासूबाई म्हणतात, 'बिबो लाय, दोन दिवसात बरा होतला.' त्यांच्या स्वतःच्या टाचांना माझ्याहून मोठ्या भेगा आहेत, पण 'माका काय दुखत नाय' म्हणतात आणि खळ्यात खुशाल अनवाणी फिरतात. घरात आईने दिलेला मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा पडून आहे, तो लावू का? मुलगी म्हणते, ते जुनं खूळ, मेडिकलमधून क्रीम आण. माघात पुतण्याचं लग्न आहे. तोवर पाय चारचौघांत दिसण्यासारखे होतील का?"

ताई, तुमच्या टाचांकडे येते, पण आधी तुमच्या सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही जाता जाता जे लिहिलंत, ते मला तुमच्या टाचांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. खोल गेलेली भेग दुखायलाच हवी. तुम्हाला गोधडीचा दोरा लागला तरी कळ जाते. त्यांच्या भेगा तुमच्याहून मोठ्या आणि तरी दुखत नाहीत, याला काटकपणा म्हणू नका. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. याचं सगळ्यात नेहमीचं कारण मधुमेह, आणि तो कित्येकांच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप असतो. कुष्ठरोगातही पाय बधीर होतात. नावाने दचकू नका. तो औषधाने पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. जीवनसत्त्व बी 12 कमी झालं तरी पाय बधीर होतात. यातलं काय आहे, किंवा काहीच नाही, हे तपासल्याशिवाय कळायचं नाही.

आज रात्री घरच्या घरी एक करून बघा. सासूबाईंना आडवं करा, डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका, क्षणभर स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी डावा की उजवा ते सांगायचं. सहा जागांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधीर होतोय असं धरून चाला. सगळं कळलं तरीही उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्याच. 126 किंवा त्याच्या वर आली, किंवा एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्त तपासणी) 6.5 किंवा त्याच्या वर आलं, तर डॉक्टर ती तपासणी पुन्हा करून मधुमेह आहे का ते ठरवतील. हे याच आठवड्यात उरका. लग्नाच्या खरेदीला तालुक्याला जाणारच असाल, तर त्यांना बरोबर न्या आणि जाताना उपाशीपोटी न्या, म्हणजे दुसरी फेरी नको.

तोवर त्यांना अनवाणी फिरू देऊ नका. "आमच्या वेळी चपला कोण घालत होता" हे ऐकावं लागेल, ऐकून घ्या आणि चपला पुढे ठेवा. त्यांचे पाय गरम पाण्यात बुडवू नका, टाच ब्लेडने तासू देऊ नका, आणि रोज झोपताना बॅटरी घेऊन तळवे बघा. बधीर पायात काटा मोडला, चिऱ्याची कपची घुसली, तरी पत्ता लागत नाही. पायातून पू आल्यावर मग घरातले जागे होतात. आरोग्य केंद्रात असताना असे पाय मी खूप धुतलेत, आणि प्रत्येक घरातून एकच वाक्य ऐकलंय, "पण दुखत नव्हतं हो."

आता तुम्ही.

तुमची डावीच टाच जास्त का फुटते, ते तुम्हीच पत्रात सांगितलंय. उजवा पाय पायडलवर, म्हणजे दिवसभराचा सगळा भार डाव्यावर, तोही सिमेंटच्या कोब्यावर. टाचेखाली चरबीची गादी असते. भार पडला की ती कडेने बाहेर पसरते. टाचेची कातडी ओली, लवचीक असेल तर तिच्याबरोबर ताणली जाते. ती सुकून जाड झालेली असेल तर ताणायच्या ऐवजी फाटते. मागून उघडी रबरी स्लीपर घातली की गादीला पसरायला रान मोकळं. मागून बंद चप्पल किंवा बूट टाचेला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. म्हणून ज्यांच्या टाचा फुटतात त्यांना मी पहिला खर्च क्रीमवर नाही, पायताणावर करायला सांगते. कारखान्यात तर तुम्हाला बंद बूट तसेही हवेतच, काजूच्या टरफलाचं तेल उडून पायावर पडायला नको म्हणून. शिवाय उभं राहायच्या जागी रबराची जाड चटई किंवा दुमडलेलं गोणपाट टाका आणि मशीनवर जमत असेल तर अर्धा दिवस पाय बदला. मुकादम कुरकुरला तर म्हणावं, बाई लंगडायला लागली तर बी कोण फोडणार?

आणखी एक गंमत आहे. अंगावर सगळीकडे कातडीला तेल पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, तळहात आणि तळपाय सोडून. तिथे फक्त घाम येतो. त्यामुळे टाचेला घरचं तेल नाही, जे काय मिळेल ते वरूनच. तुम्ही म्हणाल, कोकणात हवा इतकी दमट, समुद्र उशाला, इथे टाचा सुकतात कशा? पावसाळ्यात नाहीच सुकत. पण पौष-माघात रात्रीपासून सकाळपर्यंत मतलई वारा घाटाकडून खाली येतो आणि तो कोरडा असतो. खारा वारा सुटतो तो दुपारी. ज्या सकाळी खोबरेलाची बाटली थिजलेली दिसते, तेव्हापासून टाचा फुटायला लागतात असं समजा. त्यात आपल्याकडच्या दोन सवयी भर घालतात. एक म्हणजे न्हाणीतलं कढत पाणी. अंग भाजेल इतकं गरम पाणी घेतल्याशिवाय आपल्याला आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, आणि तेच पाणी कातडीतला होता तो स्निग्धपणा धुऊन नेतं. दुसरी सवय कपडे धुण्याची. विहिरीवर धोंडीसमोर उभं राहायचं आणि सगळा पावडरीचा फेस आपल्याच पायांवरून वाहू द्यायचा. कपडे धुऊन होईपर्यंत टाचा त्या सोड्यात भिजतात, आणि मग आपण त्या पुसतही नाही. कपडे धुताना रबरी चप्पल घाला, झालं की साध्या पाण्याने पाय धुवा, पुसा आणि बोटभर खोबरेल चोळा. एवढ्यानेच बराच फरक पडेल.

आता मुठेल. तुमच्या आईने दिलेला गोळा खूळ नाही, पण तो एकटा पुरा पडायचा नाही, आणि इथेच बहुतेकजणी फसतात. तेल, तूप, मुठेल, व्हॅसलिन, यांतलं काहीही कातडीत पाणी घालत नाही. असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्यांचं काम. तेल म्हणजे झाकण. टोपात पाणीच नसेल तर झाकण घालून काय शिजणार? म्हणून कोरड्या टाचेवर नुसतं मुठेल फासलं की टाच चकाकते, गोधडी तेलकट होते आणि भेग होती तिथेच राहते. मग लेकी म्हणतात, जुनं खूळ. आधी पाय भिजवा, मग मुठेल लावा.

रात्री सगळं आवरलं, भांडी झाली, की बादलीत कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे कोपर बुडवून सहज ठेवता येईल इतपतच. त्यात मीठ नको, सोडा नको, शांपू नको. पाय मळलेले असतील तर अंघोळीचा साबण हाताला लावून तेवढ्यापुरता फिरवा. दहा ते पंधरा मिनिटं बसा. त्याहून जास्त वेळ पाय बुडवून ठेवण्यात फायदा नाही, कातडी पांढरी आणि भुसभुशीत होते. मग वजरी घ्या आणि टाचेच्या कडेची जाड, पिवळट कातडी हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा. न्हाणीतल्या चिऱ्यावर टाच रगडायची आपली जुनी पद्धत मला ठाऊक आहे. तिने टाच दोन दिवस गुळगुळीत लागते आणि मग पहिल्याहून जाड होते, कारण कातडीला जितकं ओरबाडाल तितकी ती स्वतःला वाचवायला जाडी वाढवते. वजरी आठवड्यातून दोनदा पुरे, तीही भेगेच्या आत नाही, कडेला. भेग ओली, रक्ताळलेली असेल तर भरेपर्यंत वजरीला सुट्टी. आणि ब्लेड कोणीच वापरू नका.

मग टॉवेलने टिपा. बोटांच्या बेचक्या खडखडीत कोरड्या करा, टाचा मात्र किंचित ओलसर राहू द्या. त्या ओलसर टाचेवर लगेच ग्लिसरीन लावा. मेडिकलमध्ये छोटी बाटली स्वस्तात मिळते. ते दुप्पट पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळा, म्हणजे चिकटणार नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. त्यावर मुठेलाचा थर. त्यावर सुती मोजे. मुलांचे शाळेचे जुने मोजे चालतात, नाहीतर जुन्या मऊ लुगड्याची पट्टी गुंडाळा. हे सगळं खाटेवर बसून करा. तेलकट तळव्यांनी गुळगुळीत लादीवरून चालायला गेलात तर टाच राहील बाजूला आणि कंबर धराल. मोज्यांमुळे गोधडीचा दोराही भेगेत अडकणार नाही, म्हणजे झोप पहिल्याच रात्री सुधारेल.

मुठेलाचा गोळा तसाच टाचेवर घासलात तर चुरा पडतो, लागत काहीच नाही. ते तेल साधारण आपल्या अंगाच्या उष्णतेहून थोड्या जास्त उष्णतेला वितळतं, आणि थंडीत टाच तर गारच असते. म्हणून त्याचं मलम करून ठेवा. सुरीने किंवा किसणीवर दोन चमचे मुठेल किसा, त्यात तीन चमचे खोबरेल घाला आणि मधमाशीचं शुद्ध मेण मिळालं तर अर्धा चमचा. मेण नसेल तर नको, मेणबत्ती मोडून घालू नका. वाटी गरम पाण्याच्या टोपात ठेवून ढवळा. प्रत्यक्ष विस्तवावर ठेवायची गरज नाही. एकजीव झालं की कोरड्या काचेच्या बाटलीत ओता. निवल्यावर ते लोण्यासारखं घट्ट बसतं आणि बोटाने सहज निघतं. पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाहीत तर ते थंडीचा मोसम सहज काढेल. आईचा गोळा किती जुना आहे ते आधी नाकाने ठरवा. चांगल्या मुठेलाला वास फारसा नसतो. रंग पांढरट, फिकट राखाडी किंवा थोडा पिवळसर. खवट वास आला तर पणतीत घाला, टाचेला नको. आणि पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ काही नाही ना बघा, मग टाचेला.

गोळा खवट निघाला तर बाजारात कोकम तेल म्हणून जे मिळतं ते हेच. आणि चैत्र-वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडाल तेव्हा सोलं वाळत घातल्यावर बिया उकिरड्यावर टाकू नका. पावसाच्या आधी त्या कडकडीत वाळवल्या, वरचं टरफल काढून कुटल्या आणि पाण्यात उकळल्या, की तेल वर तरंगतं. निवल्यावर ते गोळा करून मुठीत दाबायचं. खटपट आहे, खरी आहे. पण पुढच्या पौषात बाजारात जावं लागणार नाही.

एक जुनी रीत मात्र सोडून द्या, वितळलेलं कढत मुठेल भेगेत थेंब थेंब सोडायची. चटका बसला की "आतपर्यंत गेलं" असं वाटतं. आत काही जात नाही, कातडी भाजते. तुमची टाच निदान ओरडून सांगेल. सासूबाईंची सांगणार नाही.

आणि बिब्बा तर मुळीच नाही. इथे मी जराही नरमाई दाखवणार नाही, विशेषतः तुमच्या बाबतीत. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं. काजूच्या टरफलात जे जळजळणारं तेल असतं, त्याच जातीचं तेल बिब्ब्यात असतं, आणि ते इतकं जहाल की परीट कपड्यांवर कायमची खूण करायला बिब्बा वापरायचे. काजूच्या तेलाने ज्यांचे हात एकदा उतले, म्हणजे फोड येऊन चिघळले, त्यांच्या अंगाला या जातीच्या तेलाची ओळख पटलेली असते. अशा माणसाला बिब्बा लावला तर तो उतायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. मग टाच राहू द्या, घोट्यापर्यंत फोड येतात आणि पाणी वाहत राहतं. वैद्य बिब्बा वापरतात, पण तो शुद्ध करून, मोजून आणि माणूस बघून. चुलीत भाजून सुईने टोचून भेगेत पिळायचा, हा त्यातला प्रकार नाही. सासूबाईंना सरळ "नाही" म्हणायचं नसेल तर म्हणा, कारखान्यात आम्हाला तेल उततं, डॉक्टरांनी बिब्बा बंद केलाय. मी डॉक्टर नाही, पण कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. आणि घरातला बिब्बा त्यांच्याही हाती लागणार नाही असा ठेवा.

लिंबू-सोड्याबद्दल फार लिहायला नको, तुम्ही ते भोगलंत. उघड्या भेगेवर आंबट पडलं की झोंबणारच. लिंबाचा रस अंगावर तसाच ठेवून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, फोडही येतात, हे मात्र लक्षात असू द्या. मोबाइलवरच्या बाकीच्या उपायांत कोरफडीचा गर चांगला, पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण गळू द्या, आणि गराच्या वर झाकण हवंच, म्हणजे मुठेल. तूप चालतं, तिळाचं तेल चालतं. मधही चालतो, पण रात्री मोज्यात मध घालून झोपलात तर वाडीतल्या सगळ्या मुंग्या पाहुण्या येतील. केळं कुस्करून टाचेला लावण्यापेक्षा खा. हळद चिमूटभर असली तर बिघडत नाही, पण तिने भेग भरत नाही, चादर मात्र पिवळी होते.

मुलीचंही ऐका. तिचं क्रीम आणि तुमचं मुठेल यांचं भांडण नाही. मेडिकलमध्ये युरिया असलेलं क्रीम मागा. युरिया कातडीत पाणी ओढून धरतो आणि जास्त प्रमाणात असला तर जाड थर मऊ करून सोडवतो. नुसत्या कोरड्या टाचेला 10 टक्के पुरतो, तुमच्यासारख्या जाड झालेल्या टाचेला 20 ते 25 टक्के. पाय भिजवून टिपल्यावर ग्लिसरीनच्या जागी ते लावा आणि वरून मुठेल. उघड्या, रक्ताळलेल्या भेगेवर युरिया झोंबतो, म्हणून तिथे नुसतं मुठेल आणि आजूबाजूच्या जाड कातडीवर क्रीम. महागड्या डब्याची गरज नाही, डब्यावर युरियाचा आकडा आहे का तेवढा मुलीला वाचायला लावा. कुरुपावर लावायची ॲसिडची पट्टी टाचेला लावू नका, आणि सासूबाईंना तर नकोच नको.

डाव्या टाचेची सगळ्यात खोल भेग चालताना उघडते ना? कागदी चिकटपट्टी, मेडिकलवाले मायक्रोपोर म्हणतात ती, घ्या. सकाळी टाच धुऊन कोरडी करा, दोन बोटांनी भेगेच्या कडा जवळ आणा आणि पट्टी भेगेला आडवी, ताणून लावा. कडा एकमेकींजवळ राहिल्या की भेग आतून भरते. रात्री पट्टी भिजवून काढा, सुकी ओढू नका. काही लोक भेगेत झटपट चिकटणारा गोंद सोडतात. तो चपला चिकटवायचा आहे. भेगेतून रक्त येत असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं होऊन गेली असतील, तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. शेणाने सारवलेली जमीन, गोठा, माती, सगळं आपल्या पायाखालीच असतं.

महिनाभर हे नेमाने करूनही डावी टाच तशीच राहिली, तर नुसती भार पडून फुटलेली टाच नाही असं समजून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तळव्यावरच्या रेषांत पांढरी भुकटी भरल्यासारखी दिसते, खाज येते, अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालंय, तर बुरशी असू शकते. तिथे कितीही मुठेल ओता, फरक पडायचा नाही. हाताच्या तळव्यांनाही भेगा आणि चंदेरी खपल्या असतील तर तो सोरायसिस असू शकतो. सगळं अंगच कोरडं पडलंय, केस गळतायत, वजन वाढतंय, शौचाला घट्ट होतंय, तर थायरॉइडची रक्त तपासणी करून घ्या. तुमच्या वयाच्या बायकांत ते बऱ्याचदा निघतं आणि आम्ही सगळ्या ते "वय झालं" म्हणून सोडून देतो. मेडिकलवाल्याने न बघता दिलेलं खाजेचं मलम लावू नका, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं आणि बुरशी त्याने दबते, वाढते आणि परत येते. आणि टाच लाल, गरम, ठणकायला लागली, पू आला, ताप आला किंवा जांघेत अवधाण आलं, तर घरचे उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

लग्नाचं विचारलंत. पहिल्या आठवड्यात दुखणं कमी होईल, कडा मऊ पडतील. खोल भेगा भरायला तीन-चार आठवडे धरा. टाचेची कातडी जाड, तिला वेळ लागतो. तिथी माघाच्या शेवटाला असेल तर जोडवी घालून पाय मिरवाल. लवकर असेल तर भेगा असतील, पण काळ्या दिसणार नाहीत, कारण त्यांत मळ अडकून राहणार नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी टाच चकचकीत करायला म्हणून वजरीने खरवडू नका. मेंदी भेगांवर काढायची नाही. पुतण्याच्या लग्नात काकूची टाच बघणार तरी कोण, पण ते मी बोलून उपयोग नाही. आपल्याला आपली दिसते.

आणि लग्न झालं की थांबू नका. मृग लागायच्या आत टाचा पूर्ण भरलेल्या हव्यात, हे मी सौंदर्यासाठी सांगत नाही. लावणीला तुम्ही मळ्यात उतरत असाल. त्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, आणि लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू अंगात शिरायला फुटलेली टाच ही त्यांना आयती वाट आहे. सिंधुदुर्गात लेप्टोने माणसं गेलेली आपण पाहिलीत. टाचा भरलेल्या असल्या तरी गमबूट घाला. आरोग्य खातं पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतं, त्या सांगितल्याप्रमाणे घ्या. घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल तर त्यांना त्या आपल्या मनाने देऊ नका. चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर तापाची गोळी खाऊन घरी पडून राहायचं नाही. आरोग्य केंद्रात जा आणि मळ्यात उतरल्याचं आपणहून सांगा.

पावसाळ्यात हेच मुठेल बोटांच्या बेचक्यांत लावू नका. तिथल्या चिखल्या ओलीमुळे होतात, टाचेच्या भेगा कोरडेपणामुळे. बेचक्या धुऊन कोरड्या ठेवायच्या, तेल फक्त टाचेला. आणि सासूबाईंचा साखरेचा रिपोर्ट आला की मला आकडा कळवा.